टांगा जळगावहून सुटतो

पिंप्राळा, जळगाव
६ नोव्हेंबर १९९४

ती. द्रौपदा फुईस,
संघमित्राचा स. जयभीम वि. वि.

एक प्रश्न विचारायचा आहे, आणि त्याचं उत्तर मला येत नाही हे आधीच कबूल करते. आमच्या घरातून रोज संध्याकाळी सुटणारा टांगा जातो कुठे?

हसू नकोस. बाबांकडे एक जुनी कॅसेट आहे. तिच्यातल्या एका गाण्याच्या सुरुवातीला टांगा येतो. आधी घुंगरं, मग टापा, मध्येच चाबकाचा फटकारा. टापा अगदी जवळ येतात, आता गाडीवान गाणार म्हणून आपण सरसावून बसतो, आणि टांगा भिंतीत शिरल्यासारखा नाहीसा होतो. उरतो नुसता तबला. गाणारा माणूस असतो, पण दूर, शेजारच्या गल्लीत कोणाच्या तरी ओट्यावर बसल्यासारखा. बाबा मात्र डोळे मिटून मान डोलावतात. मी विचारलं की बाबा, गाणं कुठे आहे यात, तर म्हणाले, तबला काय वाईट आहे?

कारण तुला माहीत आहेच. सुगनचंदशेठनं व्हिडिओचं दुकान बंद केलं तेव्हा बाबा आणि नाना, दोघा भावांनी मिळून ती स्पीकरची जोडी घरी आणली होती. जमिनीवर उभे राहणारे, माझ्या कमरेच्या वर येणारे, सागवानी रंगाचे. दर रविवारी नाना-काकू धुळ्याहून यायचे आणि आमच्याकडे थेटर असायचं. आई सतरंजी टाकायची, अर्धी गल्ली येऊन बसायची, टीव्हीचा आवाज त्या दोघांतून निघायचा आणि सिनेमात पाऊस पडला की सुपडूची आई उठून बाहेरचे कपडे काढायला धावायची. आजी गेली आणि मे महिन्यात वाटणी झाली. मी नेमकी भडगावला मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते. परत येऊन बघते तर परातीही निम्म्या, गोधड्याही निम्म्या, आणि कोपऱ्यात स्पीकर एकच. डावा आमच्याकडे राहिला, उजवा नानांबरोबर धुळ्याला गेला. या यंत्रात अर्धा आवाज डावीकडून येतो आणि अर्धा उजवीकडून. म्हणजे बाबा आणि नानांनी गाण्याचीही वाटणी केली!

आणि त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. मालमत्ता माणसाला आंधळं करते असं आम्हाला अर्थशास्त्राच्या सरांनी शिकवलं होतं. बहिरं करते हे मी घरी शिकले. दोन चांगली माणसं एका वस्तूसाठी खेचाखेच करतात आणि शेवटी पूर्ण गाणं कोणालाच मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. वाटणीला त्यांची मोठी बहीण म्हणून तूच बसली होतीस. नेमकं काय झालं ते मला मोकळेपणानं लिही. बाबांना विचारलं की ते त्यांच्या दाल मिलमधल्या यंत्राच्या पट्ट्याची गोष्ट काढतात.

बाकी ठीक. विहारात मुलींची अभ्यासिका सुरू केली आहे, सध्या चार मुली आणि एक बकरी येते. आईनं स्पीकरवर विणलेला रुमाल घालून वर फुलदाणी ठेवली आहे. बाबा ती उचलतात, आई पुन्हा ठेवते.

तुझ्या लोभाला डावं-उजवं नाही. तो तसाच असू दे.

तुझी,
संघमित्रा

*

देवपूर, धुळे
१४ नोव्हेंबर १९९४

चि. संघमित्रा बी. ए. हिस,
फुईचे अ. उ. आ. व जयभीम.

तुझा टांगा सापडला. पत्र आलं त्याच दिवशी मी यादवच्या, म्हणजे तुझ्या नानाच्या, घरी जाऊन बसले आणि म्हटलं, लाव रे ती कॅसेट. तिची नक्कल त्याच्याकडेही आहे. तर बाई, त्याच्याकडे टांगा सुरुवातीला नाहीच. आपण वाट बघतो, बघतो, आणि एकदम मधूनच टापा वाजायला लागतात, जशी काही गाडी पारोळ्यापासून भरून आली. मग गाडीवान खड्या गळ्यानं गातो, पण एकटाच. तबलजी एरंडोलला चहाला उतरला आणि गाडी त्याला टाकून आली, असं वाटतं. तुझी लिलाकाकू म्हणाली, अक्का, बिनतबल्याचं ऐकून ऐकून मी आता पोळ्या लाटताना पोळपाटावर ठेका धरते. खरंच धरते. मी डोळ्यांनी पाहिलं. पोळ्या वाकड्या होतात.

आता दुसरं. खेचाखेच झाली हे तुला कोणत्या सरानं शिकवलं? खेचाखेच झाली असती तर मी दोन घटकांत निकाल देऊन जेवायला बसले असते. झाली ती ढकलाढकल. भांडी, गोधड्या, आजीचं जातं, बठ्ठं सगळं कसं शांतपणे झालं. स्पीकरपाशी आलो आणि यादव तुझ्या बापाबद्दल म्हणाला, आधार धाकला शे, जोडी त्यालेच राहू दे. तुझा बाप म्हणाला, नाना मोठा शे, त्याच्या पसंतीनं घेतली, जोडी त्यालेच जाऊ दे. हा म्हणे तू घे, तो म्हणे तुम्ही घ्या. भाजीवर साय धरली. मग यादव चिडून बोलला की माझ्या हातचं घ्यायला तुला कमीपणा वाटतो का रे? तुझा बाप कधी उलटून बोलत नाही, तो त्या दिवशी बोलला, की मग माझ्या हातचं घ्यायला तुम्हाला वाटतो का? झालं. दोघांची तोंडं दोन दिशांना.

तेव्हा मी मोठी बहीण म्हणून निकाल दिला. एक याला, एक त्याला. मला वाटलं, दोन स्पीकर म्हणजे दोन हंडे. वस्तीतल्या बायांनी माझं कौतुक केलं, की द्रौपदाबाईनं कसं तोलून वाटलं. मला काय ठाऊक ते हंडे नाहीत, चपला आहेत! कोणी जोडीतली एक चप्पल भावाला देतं का? मी दिली.

आता हसून झालं, एक गोष्ट ऐक. दोघेही माझ्याकडे येतात, पण आधी विचारणा येते, तो तर येणार नाही ना? यादव आला की मी आधारची पसंतीची भाजी करत नाही, न जाणो, त्याला तो आठवायचा. आधार आला की यादवचा कप फळीवर मागे सरकवते. मे महिन्यापासून माझे दोन भाऊ मला एका जागी दिसलेले नाहीत. जानेवारीअखेर यादव एस. टी. तून निवृत्त होतो. डेपोत हार घालतील, बोलतील चांगलं. आधार तिथे नसला तर तो हार यादवला टोचत राहील, हे मला आत्ताच दिसतंय.

तू घरातली पहिली शिकलेली. कर काही तरी. फक्त भाषण देऊ नकोस, दोघेही भाषणात झोपतात.

बकरीला आशीर्वाद. शिकली तर तिलाही बी. ए. कर. पत्राला उशीर केलास तर रागावेन, पण लोभ कमी करणार नाही.

तुझी फुई,
द्रौपदाबाई

*

पिंप्राळा, जळगाव
२८ नोव्हेंबर १९९४

ती. फुईस,
संघमित्राचा स. जयभीम वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि माझं अर्थशास्त्र सपशेल आडवं झालं. घ्यायच्या भांडणाला कायदा आहे, कोर्ट आहे. द्यायच्या भांडणाला काय आहे?

तरी मी खात्री करायची ठरवली. आमच्या डेकवर एक बटण आहे, त्याला मोनो म्हणतात. ते दाबलं की डावा आणि उजवा दोन्ही आवाज एकत्र होऊन एकाच स्पीकरमधून येतात. बटण पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर आहे. मी बाबांना म्हटलं, हे दाबा म्हणजे गाडीवानही आपल्याकडे येईल. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी शेजाऱ्याच्या दुधाचं पातेलं उचला म्हटलं. म्हणाले, ती बाजू नानाच्या वाट्याची आहे. त्याच्या वाट्याचं मी ऐकणार नाही.

फुई, मी आत जाऊन पाणी प्यायले.

मग मला एक कल्पना सुचली आणि ती इतकी सोपी होती की मला माझाच अभिमान वाटला. मी म्हटलं, बाबा, नाना निवृत्त होताहेत, आता ते घरी बसून गाणीच ऐकणार. आपला स्पीकर त्यांना भेट म्हणून पाठवू. मला वाटलं होतं महिनाभर समजूत घालावी लागेल. बाबा तत्क्षणी उठले! त्यांनी स्वतः आजीची गोधडी काढली, स्पीकरला गुंडाळली, वरून सुतळीनं असा बांधला, जसं लहान मूल थंडीला कुंचीत घालावं. फुलदाणी आईच्या हातात आली ती आलीच. सोबत चार ओळी लिहा म्हटलं, तर म्हणाले, गोधडी ओळखेल तो.

स्टँडवर मात्र गंमत झाली. धुळ्याच्या गाडीवर बन्सीलाल कंडक्टर होते. त्यांनी नग पाहिला, हातानं उंची मोजली आणि म्हणाले, हा तर बारा वर्षांचा दिसतो, अर्धं तिकीट चालणार नाही. बाबा म्हणाले, अहो तो बसत नाही, उभाच राहतो. बन्सीलाल म्हणाले, उभ्यालाही तिकीट लागतं. शेवटी लगेज म्हणून चढवला, पण बाबांनी त्याला खिडकीशी टेकवला आणि गाडी वळेपर्यंत हात वर करून उभे राहिले. मी विचारलं की कोणाला हात करता, तर म्हणाले, ड्रायव्हरला.

तर फुई, काम झालं. धुळ्यात जोडी लागली असेल. आता नाना एक पोस्टकार्ड टाकतील, बाबा विरघळतील, आणि एकतीस जानेवारीला आम्ही सगळे हार घेऊन डेपोत हजर. भाषण दिलं नाही हे लक्षात घे.

बकरी येईनाशी झाली. मुली मात्र सात झाल्या.

तुझ्या शाबासकीची वाट पाहते. लोभ तर तू मागायच्या आधीच देतेस.

तुझी,
संघमित्रा

*

धुळे
३ डिसेंबर १९९४

चि. संघमित्रा हिस,
यादवचे अ. आ. व जयभीम.

पत्रास कारण की, गेल्या सोमवारी सकाळच्या जळगाव–धुळे गाडीने एक नग स्पीकर, गोधडीत बांधलेला, सुस्थितीत मिळाला. कालच्या दुपारच्या धुळे–जळगाव गाडीने दोन नग, म्हणजे तुमचा एक आणि माझा एक, परत पाठवले आहेत. ते या पत्राआधीच पोहोचले असतील. गोधडी एकच असल्याने दुसऱ्यास लिलाचे जुने लुगडे गुंडाळले आहे. लुगडे परत पाठवू नये.

तुला वाटेल, नाना हेकट आहे. म्हणून खुलासा करतो. आधारने पाठवलेला स्पीकर मी त्याच संध्याकाळी जोडला. नाही कशाला म्हणू? एक गाणे पूर्ण ऐकले. टांगा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला. लिलाने पोळपाट खाली ठेवला आणि उंबऱ्यात येऊन बसली. फार छान वाटले. गाणे संपले आणि माझ्या मनात आले, की या वेळी आधार मिलमधून येऊन हातपाय धुऊन बसला असेल, आणि त्याच्या कोपऱ्यात काय आहे? काही नाही. दुसरे गाणे मला लावता आले नाही. त्या दिवसानंतर चार दिवस दोन्ही स्पीकर घरात उभे होते आणि आम्ही रेडिओवर बातम्या ऐकत होतो.

मोठ्या भावाच्या घरी जोडी आणि धाकट्याच्या घरी कोपरा, ही वाटणी मला मान्य नाही. मी मोठा आहे. देण्याचा मान माझा आहे. तुझ्या बापाला हे एवढे वय झाले तरी कळत नसेल तर तू समजावून सांग. मी सांगितले असे मात्र सांगू नकोस.

निवृत्तीच्या समारंभाच्या पत्रिका डेपोने छापल्या आहेत. आधारला पाठवणार नाही. सख्ख्या भावाला पत्रिका म्हणजे त्याला पाहुण्यात बसवणे. यायचे तर त्याने यावे, नाही तर त्याची मर्जी. मी दिवसभर स्टँडवरच्या माईकवरून साऱ्या खान्देशच्या गाड्या पुकारतो. जळगावची गाडी लागली की आवाज जरा चढतो असे इथली पोरे म्हणतात. ती काहीही म्हणतात.

तुझ्या अभ्यासिकेसाठी जुनी वेळापत्रके पाठवतो, मागची बाजू कोरी आहे. अभ्यास सोडू नकोस. आमच्या घराचा लोभ तुझ्यावर पूर्वीपासून आहे, त्यात बदल नाही.

तुझा,
नाना

*

पिंप्राळा, जळगाव
१८ डिसेंबर १९९४

ती. फुईस,
संघमित्राचा स. जयभीम वि. वि.

मागच्या पत्रात मी काम झालं असं लिहिलं होतं. ती ओळ खोडून टाक.

स्पीकर परत आले, आणि एकटे नाही, जोडीनं आले! बन्सीलाल कंडक्टरांनी स्टँडवरून निरोप धाडला, की तुमचा पोरगा धुळ्याहून बायको करून आला आहे, येऊन उतरवून घ्या. लिलाकाकूच्या लुगड्यात गुंडाळलेला नानांचा, गोधडीत आपला. बाबांनी दोन्ही हातगाडीवर घातले, घरी आणले, आणि भिंतीकडे तोंड करून उभे केले. पंधरवडा झाला, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे ते तसेच उभे आहेत. डेकही बंद. आमच्याकडे आता पूर्ण जोडी आहे, आणि टांगाही येत नाही, तबलाही येत नाही. बाबा म्हणतात, नानाच्या घरात शुकशुकाट करून मी इथे मैफल भरवू?

आईनं काही दिवस वाट पाहिली आणि मग त्यांच्यावर स्वेटर वाळत घातले.

बाबा म्हणतात, पुढच्या आठवड्यात सुट्टी आहे, दोन्ही परत धुळ्याला पोचते करतो. मी सुतळी लपवली आहे. बन्सीलाल मला विचारत होते, की यांचा मासिक पास काढायचा का? रस्ता त्यांना पाठ झाला म्हणाले, पाळधी आलं की आपोआप एका बाजूला कलतात.

मला राग आला आहे, फुई. दोघांचाही. माणसं एकमेकांसाठी इतका जीव टाकतात आणि एक शब्द टाकायला तयार नाहीत. मी काल बाबांना म्हटलं की मी तुम्हाला नानांच्या समारंभाला नेणार. बाबा म्हणाले, पत्रिका आली का? मी म्हटलं, भावाला पत्रिका कशाला? तर म्हणाले, मग बोलावणं आलं का? मी विषय बदलला, कारण नानांनी जे लिहिलं ते सांगू नको असंही लिहिलं आहे. आणि संध्याकाळी बघते तर बाबा ओलं फडकं घेऊन दोन्ही स्पीकर पुसत होते. आपला एका हातानं, भराभर. नानांचा जपून, कोपऱ्याकोपऱ्यातून, मागची तारेची भोकंसुद्धा.

आणखी एक विचारते. भाषण नाही, साधा प्रश्न. परातींचे दोन वाटे झाले, गोधड्यांचे दोन, स्पीकरचे दोन. मुलं तीन होती ना आजीला? तू सगळं तोलून वाटलंस, मग तुझा वाटा कुठे ठेवलास? या वर्षी आपल्या राज्यात लेकींच्या वाट्याचा कायदा झाला असं मी वर्तमानपत्रात वाचलं, तेव्हापासून हे डोक्यात आहे. बाबांना विचारलं तर ते आधी हसले आणि मग उठून निम्म्या उरलेल्या पराती मोजत बसले.

उत्तर लवकर लिही. सुतळी फार दिवस लपणार नाही. तुझा लोभ या कठीण प्रसंगी थोडा जास्त पाठव.

तुझी,
संघमित्रा

*

देवपूर, धुळे
२ जानेवारी १९९५

चि. संघमित्रा हिस,
फुईचे अ. उ. आ. व जयभीम.

नरडाण्याला भाचीच्या बाळाला बघायला गेले होते म्हणून उशीर. बाळ यादवसारखं दिसतं, म्हणजे आतापासूनच कपाळाला आठी.

माझा वाटा विचारतेस! बाई गं, वाटणीच्या दिवशी लेकीनं पंच व्हायचं, पोटभर जेवायचं, लुगडं घ्यायचं आणि एस. टी. त बसायचं, असंच आम्ही पाहत आलो. तुझा तो कायदा शेजारच्या पार्वताबाईच्या मुलानं मला वाचून दाखवला. लग्न होऊन गेलेल्या लेकींना तो लागत नाही म्हणे. म्हणजे मी त्यातूनही सुटले. मला परातीचा हव्यास नाही. खोटं कशाला बोलू, जात्याकडे जरा बघितलं होतं. आईच्या हाताची खूण होती त्याच्या खुंट्यावर. पण बघितलं आणि डोळे वळवले. कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी नको म्हटलं असतं. आम्ही तिघंही एकाच आईची.

आणि लेकीला काही मिळत नाही असं समजू नकोस. मिळतं ते चिकटतं. माझ्या अंगणातला तांब्याचा बंब तू पाहिला आहेस. तो दोघा भावांनी मिळून मला दिला होता. दुसऱ्याच हिवाळ्यात तळातून गळायला लागला. मी म्हटलं, घेऊन जा, दुरुस्त करून तुमच्याकडेच वापरा, मला एकटीला बादलीभर पाणी पुरतं. यादवनं कानांवर हात ठेवले. आधार तर घाबरलाच. बहिणीला दिलेलं परत आणलं तर लोक तोंडात शेण घालतील म्हणे. मी ओटीपर्यंत ओढत नेला, दोघांनी मिळून पुन्हा अंगणात ओढत आणला. आता त्यात मी कोथिंबीर लावते. या एका बाबतीत तुझा बाप आणि नाना यांचं कधी दुमत झालेलं नाही, लिहून ठेव.

बाकी माझं डोकं चालेनासं झालं. समारंभ जवळ आला. यादव नवा शर्ट शिवून आला, आणि मला विचारतो कसा, की आधारला हा रंग आवडायचा ना? मी म्हटलं, तूच विचार. तर उठून गेला.

थंडी फार आहे. भरताची वांगी आली आहेत बाजारात, मोठी हिरवी. कोणासाठी भाजू? माझा लोभ पाठवते, त्यातला थोडा बापालाही दे, पण सांगू नको कोणाकडून.

तुझी फुई,
द्रौपदाबाई

*

देवपूर, धुळे
रविवार, २२ जानेवारी १९९५

ती. बाबा आणि ती. नाना,
संघमित्राचा दोघांना एकदमच स. जयभीम वि. वि.

हे पत्र मी कार्बन घालून लिहिते आहे. वरची प्रत नानांना, कारण ते मोठे. खालची बाबांना. अक्षर पुसट वाटलं तर राग मानू नये, मजकूर शब्दाला शब्द सारखाच आहे. नाना इथून चार गल्ल्यांवर राहतात तरी त्यांचीही प्रत टपालानंच टाकते, म्हणजे कोणाला आधी कळलं असं व्हायला नको.

बाबा, काल मिलमधून आल्यावर तुम्हाला कोपरा रिकामा दिसला असेल. आईनं सांगितलं असेलच. दोन्ही स्पीकर, डेक आणि तारा घेऊन मी धुळ्याला आले आहे. सुतळी माझ्याकडेच होती. आईनं बांधायला मदत केली आणि सुपडूनं हातगाडी ओढली. बन्सीलाल कंडक्टरांनी या वेळी काही विचारलं नाही, नुसती मागची लांब सीट रिकामी करून दिली.

नाना, तुम्ही सावरून बसला असाल की आता ते तुमच्या दाराशी येणार. नाहीत येणार. ते फुईच्या घरी आहेत. पाहुणे म्हणून नाहीत. दोन्ही मी फुईला दिले आहेत, तिचा वाटा म्हणून. दिले म्हणजे पार्वताबाईंना साक्षीला उभं करून दिले, गूळ वाटला. तुम्हा दोघांना विचारलं नाही हे खरं. विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते नानाला विचार, आणि नाना म्हणाले असते आधारला विचार, आणि तोवर माझं लग्न होऊन मी निघून गेले असते. परत घ्यायचे असतील तर बहिणीच्या घरून तुमच्या हातानं उचलून न्या. मी आडवी येणार नाही. अंगणात बंब आहे, जाता-येता त्याच्याकडे एकदा बघा.

आता जे सांगू नको म्हटलं होतं ते सांगते. खोटं मला जमत नाही, आणि लपवणं जेमतेम दीड महिना जमलं. बाबा, नाना तुम्हाला पत्रिका पाठवणार नाहीत, कारण सख्ख्या भावाला पाहुण्यात बसवायचं नाही असं त्यांचं म्हणणं आहे. नाना, बाबा तुमच्या वाट्याचा आवाज ऐकायला नको म्हणून मोनोचं बटण दाबत नाहीत. सहा महिने त्यांनी नुसता तबला ऐकला. तुम्ही एक गाणं ऐकून दुसरं लावलं नाहीत, हेही मी आता त्यांना सांगते आहे. कोणी कोणाला काही सांगायचं राहिलं असेल तर मला माहीत नाही.

मंगळवारी एकतीसला समारंभ आहे. त्याआधीच्या रविवारी, म्हणजे एकोणतीसला, फुई भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करणार आहे. दोघांनीही यायचं आहे, आणि दुसरा येणार आहे का असं विचारायचं कारण उरू नये म्हणून लिहिते, की हो, येणार आहे. कॅसेटी मी आणल्या नाहीत. अर्ध्या बाबांकडे आहेत, अर्ध्या नानांकडे. आपापल्या घेऊन या. टांग्याची तेवढी एक आणली, तारा नीट जोडल्या का ते पाहायला.

काल ती लावली. स्पीकर फुईच्या पुढच्या खोलीत दोन कोपऱ्यांना, तोंडं आतल्या बाजूला. टांगा निघाला तशी फुईनं मान हळूहळू डावीकडून उजवीकडे नेली आणि टांगा गेल्यावर दाराकडे बघत राहिली. मी मात्र जागा बदलत ऐकत होते. डाव्यापाशी उभी राहिले तर तबला मोठा. उजव्यापाशी गेले तर गळा मोठा. मग मधोमध आले, जिथे काहीच ठेवलेलं नाही, आणि तिथे तो गाडीवान उभा होता. समोर, हात लावावा इतका. नुसती भिंत आहे तिथे, तरी मी मागे सरकले.

फुईला हे सांगितलं तर ती हसायला लागली. म्हणाली, तुझ्या बापाला आणि यादवला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. जळगावच्या घरी रविवारी आधार डाव्या स्पीकरच्या अंगाला सरकून बसायचा, की मधली जागा नानाला राहावी. यादव उजव्याच्या अंगाला सरकायचा, की आधारला राहावी. आणि मधे सतरंजी रिकामी. सात वर्षं! वाटणी मी मे महिन्यात केली ती नंतर, असं म्हणाली.

म्हणून एक गोष्ट तुम्ही यायच्या आधीच ठरवून टाकली आहे, म्हणजे रविवारी पुन्हा तू बस, तुम्ही बसा, आणि भाकरी गार, असं व्हायला नको. तुम्ही दोघं आपापल्या बाजूला बसा, जसे बसत होता. मधली जागा मी भरली आहे. फुईची खाट तिथे ओढून घेतली, वर आजीची गोधडी घातली, आणि फुईला बसवलं. आधी नको नको म्हणाली. हे पत्र लिहिताना समोर बघते आहे, पाय वर घेऊन बसली आहे, आणि मला खूण करते आहे की कॅसेट उलटी कर.

तुमचा लोभ दोन ठिकाणांहून येतो, आता एकाच पत्त्यावर पाठवावा.

तुम्हा दोघांची,
संघमित्रा